स्टेडियमला वीस हजार खुर्च्या वाढवता येतात, स्टेशनच्या जिन्याचं काय करणार?

प्रश्न असा होता: इंग्लंडमधल्या मोठ्या क्लबांकडे पैसा आहे, सीझन तिकिटांची वेटिंग लिस्ट वर्षानुवर्षांची आहे, तरी स्टेडियम मोठं करायचं म्हटलं की दर वेळी रेल्वेचं कारण का पुढे येतं? मुंबईत एकेक लोकल साडेचार-पाच हजार माणसं घेऊन जाते आणि तीन-चार मिनिटांत मागून दुसरी येते, मग साठ हजार प्रेक्षक म्हणजे काय मोठंसं, चार जादा गाड्या सोडल्या की झालं. आणि शेवटी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमचं काय, असंही विचारलंय.

मी गेली अठरा वर्षं हेच काम करतोय, स्टेशनातली आणि स्टेशनबाहेरची गर्दी मोजायची, ती कुठे तुंबेल ते आधी सांगायचं. बरंचसं काम इंग्लंडमध्ये झालंय आणि त्याआधी डोंबिवली-सीएसएमटी रोजचं होतं, त्यामुळे हा प्रश्न दोन्हीकडून कसा दिसतो ते मला माहितीय.

आधी थोडक्यात सांगतो. रेल्वे दिवसभरात किती लोक नेते याचा इथे फारसा संबंध नाही. सगळा खेळ शेवटच्या शिट्टीनंतरच्या पहिल्या तासाचा आहे. त्या तासात आधी स्टेशनचा जिना कमी पडतो, मग फलाट, मग बाहेर रांग उभी करायला जागा, आणि गाडीचा नंबर त्यानंतर लागतो.

येताना त्रास कमी असतो कारण लोक अडीच-तीन तासांत विखरून येतात, कोणी दुपारीच येऊन पबमध्ये बसतो, कोणी टीम मैदानात उतरायच्या दोन मिनिटं आधी धापा टाकत पोचतो. जाताना मात्र सगळे एकदम उठतात. आणि स्टेडियम हे मुद्दाम लवकर रिकामं व्हावं म्हणूनच बांधलेलं असतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

त्यामागे एक वाईट इतिहास आहे. २ जानेवारी १९७१ ला ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्स-सेल्टिक सामना संपल्यावर बाहेर पडताना एका जिन्यावर, जिना क्रमांक १३ वर, लोक एकमेकांवर कोसळले आणि ६६ जण गेले. बरीच वर्षं लोक सांगायचे की शेवटच्या मिनिटाला गोल झाला म्हणून काही जण परत वर वळले आणि धक्का बसला, चौकशीत तसं काही निघालं नाही, सगळे एकाच दिशेला उतरत होते, पुढे कोणीतरी पडलं आणि मागचा लोंढा थांबूच शकला नाही. लॉर्ड व्हीटली यांच्या चौकशीनंतर १९७३ मध्ये मैदानांच्या सुरक्षेची सरकारी मार्गदर्शिका आली, आमच्या धंद्यात सगळे तिला ग्रीन गाइड म्हणतात. तिच्या हिशोबाने प्रेक्षक जास्तीत जास्त आठ मिनिटांत स्टँडमधून बाहेर पडले पाहिजेत, आणि त्यासाठी सपाट वाटेवर रुंदीच्या दर मीटरमागे मिनिटाला ८२ माणसं आणि जिन्यावर ६६ माणसं धरतात.

आता स्टेशनचा आकडा बघा. लंडन अंडरग्राउंडच्या स्टेशनची आखणी करताना एकेरी जिन्यावर मीटरमागे मिनिटाला ३५ आणि वर-खाली दोन्हीकडून लोक जात असतील तर २८ धरतात. माणसं तीच, मग निम्म्यावर का आलो? कारण स्टेडियमचा जिना मोकळ्या जागेत उतरतो आणि सगळे एकाच दिशेला चाललेले असतात. स्टेशनचा जिना फलाटावर उतरतो, त्या फलाटाला कडा असते, त्या कडेखाली रूळ असतात, आणि फलाट भरला तर पुढच्याला पाऊल टाकायला जागा नसते पण मागून लोक येतच राहतात. म्हणून हात राखून धरतात, आणि माझ्या मते बरोबर करतात.

तीन मीटर रुंदीचा एक चांगला जिना घ्या. मिनिटाला १०५, तासाला ६,३००. वीस हजार लोकांनी त्याच स्टेशनवरून जायचं ठरवलं तर शेवटचा माणूस फलाटावर पोचायला तीन तासांच्या वर जातात, मग खाली दर मिनिटाला रिकामी गाडी लावा नाहीतर काहीही करा. इकडे स्टेडियम आठ मिनिटांत रिकामं झालंय. ती मधली सगळी माणसं कुठे असतात? रस्त्यावर, कोणाच्या तरी घराच्या पायरीसमोर, नोव्हेंबरच्या पावसात. कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, क्लबला परवानगी देताना का-कू करते ती या माणसांसाठी करते.

मुंबईबद्दल. मी स्वतः त्या गर्दीतून गेलोय म्हणून सांगतो, ही तुलना करू नका. मुंबईची लोकल रोज पंचाहत्तर लाखांच्या आसपास लोक नेते हे खरंय, पण ते शंभरावर स्टेशनांवर आणि पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत वाटलेले असतात, एका मैदानातून एका मिनिटाला सुटलेले नसतात. शिवाय आपल्याकडे चौरस मीटरला १४ ते १६ माणसं उभी राहतात, त्याला रेल्वेच्या कागदांवर सुपर डेन्स क्रश लोड असं नावच आहे, इंग्लंडमध्ये आखणी करताना चार-पाचच्या वर जात नाहीत. आपण सोसतो म्हणून ती आपली क्षमता झाली असं मी कधीच मानणार नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसं गेली तेव्हा गाड्या कमी नव्हत्या, एकामागून एक येत होत्या, वर पाऊस होता म्हणून लोक पुलावरच थांबले आणि गाड्या आणखी माणसं आणून सोडत राहिल्या. त्या दिवशी जिना कमी पडला. जादा गाडी सोडली की प्रश्न सुटतो असं कोणी म्हणालं की मला तो पूल आठवतो.

आता खरी उदाहरणं घेऊ. सगळ्यात ताजं लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबचं. त्यांच्या जुन्या गुडिसन पार्कला जेमतेम ४० हजार बसायचे, ऑगस्ट २०२५ पासून ते ब्रॅमली-मूर गोदीतल्या नव्या स्टेडियममध्ये खेळतात, तिथे जवळपास ५३ हजार. जवळचं स्टेशन सँडहिल्स, चालत पंधरा-वीस मिनिटं. या स्टेशनला एकच फलाट आहे, दोन रुळांच्या मधोमध, म्हणजे उत्तरेला साउथपोर्ट, ऑर्म्सकर्क, कर्कबीकडे जाणारे आणि दक्षिणेला शहरात जाणारे सगळे त्याच एका पट्ट्यावर उभे राहणार. तीन शाखा, नेहमीच्या दिवशी प्रत्येकीवर दर पंधरा मिनिटांनी गाडी, म्हणजे एका दिशेला तासाला बारा गाड्या. नव्या चार डब्यांच्या गाडीत बसलेले-उभे धरून साधारण ४८० लोक मावतात. म्हणजे दोन्ही दिशा मिळून तासाला साडेअकरा हजार, तेही गाड्या पूर्ण रिकाम्या आल्या तर, आणि शनिवारी संध्याकाळी शहराकडून येणाऱ्या गाड्या रिकाम्या कशा असतील? म्हणजे अगदी सगळं जुळून आलं तरी पहिल्या तासात पाचातला एक माणूस रेल्वेने जाणार. दोन गाड्या जोडून आठ डब्यांची केली की आकडा वाढतो, पण मग त्याच एका फलाटावर दुप्पट लोक सोडावे लागतात आणि आपण परत जिन्याशी येतो.

म्हणून तिथे काय केलंय तर स्टेशनबाहेर रांगेसाठी वेगळी जागा आखलीय, लोकांना आधी तिथे धरायचं आणि फलाटाला झेपतील तेवढेच आत सोडायचे. उघडण्याआधी चाचणी सामने घेतले, फेब्रुवारी २०२५ मध्ये दहा हजारांचा आणि मार्चमध्ये पंचवीस हजारांचा. हे मला फार आवडलं. बाकीच्यांना चालत शहरात जायला सांगतात, शटल बस आहेत. बरेच लोक रांगेवरून वैतागतात, मला त्यांचं दुःख कळतं, पण ती रांग बाहेर आहे म्हणून आत कोणी चेंगरत नाही.

त्याच शहरात लिव्हरपूल क्लबचं ॲनफिल्ड बघा. क्लबने आधी २०१६ मध्ये मुख्य स्टँड वाढवला, मग ॲनफिल्ड रोडकडचा, आणि आता ६१ हजारांच्या वर लोक बसतात, तेही जवळ प्रवासी रेल्वे नसताना. लोक चालत येतात, सँडहिल्सहून सॉकरबस ही सामन्यासाठीची खास बस घेतात, शहरातून नेहमीच्या बसने येतात. म्हणजे रेल्वे नसली तर स्टेडियम वाढतच नाही असंही नाही. गर्दी दहा वाटांनी फुटली तर चालतं, सगळ्यांनी एकाच स्टेशनाकडे तोंड केलं की अडतं.

आर्सेनलचं उदाहरण मी नव्या मुलांना शिकवताना नेहमी घेतो. त्यांच्या जुन्या हायबरी मैदानाला ३८ हजार बसायचे, २००६ मध्ये ते नव्या एमिरेट्स स्टेडियमला आले, ६० हजारांच्या वर. अगदी जवळ हॉलोवे रोड स्टेशन, पण ते लिफ्टचं स्टेशन. लिफ्ट म्हणजे एका वेळी ठरावीक माणसं, वर, खाली, दार उघडा, दार बंद, मोठी गर्दी त्यातून जाऊच शकत नाही. ते मोठं करायची योजना होती, ती झाली नाही, त्यामुळे सामन्याच्या दिवशी त्या स्टेशनवर बंधनं असतात, आणि स्टेडियमच्या सगळ्यात जवळचं स्टेशन नेमकं हवं तेव्हा उपयोगी पडत नाही. मग एमिरेट्स चालतं कसं? कारण चालण्याच्या अंतरात आर्सेनल, फिन्सबरी पार्क, हायबरी-इझलिंग्टन अशी आणखी स्टेशनं आहेत आणि गर्दी फुटते.

आर्सेनल स्टेशनात कधी गेलात तर एक गोष्ट मुद्दाम बघा. हे १९०६ चं स्टेशन, आधी गिलेस्पी रोड नाव होतं, १९३२ मध्ये मॅनेजर हर्बर्ट चॅपमनच्या आग्रहाने क्लबचं नाव दिलं. आत लिफ्ट नाही, सरकता जिना नाही, उताराचा लांब बोगदा आहे आणि त्या बोगद्यात एका बाजूला वरपर्यंत गेलेलं उंच कुंपण घालून एक अरुंद वाट वेगळी काढलीय. सामन्याच्या दिवशी गर्दी ज्या दिशेची असेल त्या दिशेला मोठी वाट द्यायची आणि उलट जाणाऱ्या चार माणसांना त्या अरुंद वाटेने काढायचं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या कुंपणाच्या बारमधून पलीकडचा लोंढा बघत उभा होतो, हजारो माणसं हातभर अंतरावरून उतरत होती आणि माझ्या बाजूने एक बाई बाळाची गाडी ढकलत आरामात वर गेली. इतक्या जुन्या बोगद्यात एका कुंपणाने जे साधलंय ते कोट्यवधी पाउंड घालूनही कधीकधी साधत नाही.

मँचेस्टर युनायटेडचं दुखणं वेगळं. ओल्ड ट्रॅफर्डच्या तीन बाजू वाढत गेल्या, पण दक्षिणेचा स्टँड खुजा राहिला कारण त्याला लागून रेल्वे लाइन आहे आणि पलीकडे घरं आहेत. म्हणजे रेल्वे इथे अक्षरशः भिंत होऊन उभी आहे. गंमत अशी की त्याच लाइनवर स्टेडियमला चिकटून क्लबच्या नावाचा छोटा फलाट आहे, १९३५ पासूनचा, फक्त सामन्याच्या दिवशी गाडी थांबायची, आणि आता तेही कित्येक वर्षं बंद आहे. कारण विचाराल तर परत तेच, अरुंद फलाटावर एकदम आलेली गर्दी सुरक्षित ठेवणं. मार्च २०२५ मध्ये त्यांनी एक लाख क्षमतेच्या नव्या स्टेडियमचा आराखडा जाहीर केला, पण शेजारी मालगाड्यांचं टर्मिनल आहे, ते हलवल्याशिवाय जागा मोकळी होत नाही. ते कोणी आणि किती पैशात हलवायचं यावर सगळं येऊन थांबतं.

जिथे आधी विचार केला तिथे काय होतं ते म्युनिकला दिसतं. तिथलं अलियान्झ अरेना स्टेडियम २००५ मध्ये उघडलं, तिथे यू-६ ही एकच मेट्रो लाइन जाते. ऐकून कोणीही म्हणेल की हे बुडणार. पण त्यांनी फ्रॉटमानिंग स्टेशन आधीच मोठं केलं, चार रूळ, दोन फलाट, आणि मेट्रोची कारशेड तिथेच शेजारी आहे. म्हणजे सामना संपताना रिकाम्या गाड्या पाच मिनिटांवर उभ्या असतात, शहरातून भरलेल्या येत नाहीत. आमच्या कामात याला सोन्याचं मोल आहे. नंतर तिथली क्षमता ७५ हजारांपर्यंत वाढवता आली त्यामागे स्थापत्याइतकंच हे स्टेशन आहे असं मला वाटतं.

आता जादा गाड्यांबद्दल, कारण तुमचा मुख्य मुद्दा तोच होता. गाडी आकाशातून येत नाही. ती आधी कुठेतरी सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी असावी लागते, सिग्नलच्या अंतरात तिला जागा असावी लागते, जिथे ती उलट फिरणार तिथे एका रुळावरून दुसऱ्यावर जायला क्रॉसओव्हर लागतो, मोटरमन लागतो ज्याची ड्युटी संपलेली नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे रविवार. आपल्याकडे जसा रविवारी मेगाब्लॉक, तसाच इंग्लंडमध्येही रुळांचं काम शनिवार-रविवारी निघतं, आणि टीव्हीवाल्यांच्या सोयीने सामने नेमके रविवारी दुपारी किंवा सोमवारी रात्री उशिरा ढकलले जातात. रात्री आठचा सामना दहाला संपतो, जादा वेळ आणि पेनल्टी झाल्या तर अकराच्या आसपास, आणि लांबच्या गावाची शेवटची गाडी तोवर निघून गेलेली असते. वेळापत्रक सामना ठरवायच्या कितीतरी महिने आधी पक्कं झालेलं असतं, मग दोष कुणाला देणार.

पैशाचंही सांगतो. स्टेडियम वर्षाला पंचवीस-तीस दिवस भरतं. उरलेले दिवस त्या स्टेशनवर चारशे माणसं येतात. तीस दिवसांसाठी भुयार खोदून सरकते जिने बसवायला रेल्वेचे पैसे निघत नाहीत आणि क्लब म्हणतो आम्ही तिकीट विकतो, रेल्वे चालवत नाही. माझं मत स्पष्ट आहे, ज्याच्या खुर्चीमुळे माणूस येतो त्याने त्याला घरी पोचवायचा खर्च उचलला पाहिजे. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी सामन्याच्या तिकिटातच बस-रेल्वेचा प्रवास धरलेला असतो. ब्रायटनचं स्टेडियम २०११ मध्ये उघडलं तेव्हा त्यांनीही आसपासच्या पट्ट्यात तसंच केलं, तिथेही फाल्मर नावाचं छोटंसं दोन फलाटांचं स्टेशन आहे आणि सामन्यानंतर रांगा लागतातच, पण निदान तिकीट गेटवर अडकायचं नाही.

गर्दीची वाट बदलली की काय होतं हे पॅरिसने दाखवलं. २८ मे २०२२, चॅम्पियन्स लीगची फायनल, स्टेड द फ्रान्सला दोन रेल्वे लाइन जातात, बी आणि डी. त्या दिवशी बी लाइनवर संप, म्हणून लोंढा डी लाइनकडे वळला, आणि त्या बाजूची वाट महामार्गाखालच्या चिंचोळ्या जागेतून जात होती आणि तिथेच तिकिटाची पहिली तपासणी लावलेली. हजारो लिव्हरपूलवाले तुंबले, सामना ३६ मिनिटं उशिरा सुरू झाला, बाहेर लहान मुलांसकट लोकांवर अश्रुधूर सोडला. नंतर बनावट तिकिटांवर खूप बोलले गेले. मला मात्र नकाशा बघितल्यावर आधी तो चिंचोळा भाग दिसला.

रांगेबद्दल एक अनुभवाचं. एका थंड रात्री एका स्टेशनबाहेर मी माणसं मोजायचा क्लिकर घेऊन उभा होतो, हरलेल्या टीमचे लोक, पाऊस, पंचवीस मिनिटांची रांग, आणि सगळे शांत होते कारण रांग हळूहळू का होईना हलत होती. मग एक गाडी रद्द झाली. रांग थांबली, पुढच्यांना कळलं, मागच्यांना कोणी काही सांगितलं नाही. सहाव्या-सातव्या मिनिटाला मागून रेटा यायला लागला, माझ्यासमोर एका माणसाने पोराला खांद्यावर घेतलं आणि दुसरा हात बॅरिकेडवर टेकवून पाठ ताठ केली, मागचं वजन तो स्वतः थोपवत होता. एका पोलिसाने घोड्यावरून ओरडून सांगितलं की पुढची गाडी आठ मिनिटांत आहे. फक्त एवढंच. रेटा थांबला. तेव्हापासून मी प्रत्येक आराखड्यात रांगेच्या शेवटच्या टोकाला लाउडस्पीकर मागतो आणि तो पहिल्या बैठकीत खर्चातून कापला जातो आणि मी परत मागतो.

लंडनच्या वेंब्ली स्टेडियमला ९० हजारांचं जमतं त्यात या रांग धरण्याचा मोठा वाटा आहे. वेंब्ली पार्क स्टेशनसमोर रुंद सरळ रस्ता आहे, त्यावर थांबा-चला असे बोर्ड घेऊन माणसं उभी असतात आणि गर्दीचे तुकडे करून सोडतात. तो रुंद रस्ताच तिथली खरी संपत्ती आहे. दाट वस्तीतल्या जुन्या मैदानांना, चेल्सीसारख्या दोन रेल्वे लाइनींमध्ये अडकलेल्यांना, तसा रस्ता आणायचा कुठून?

नेरुळचं विचारलंत. २०१७ ला सतरा वर्षांखालच्या फुटबॉल वर्ल्ड कपचे सामने तिथे झाले, २०२२ ला मुलींच्या त्याच वयाच्या वर्ल्ड कपची फायनल, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या बँडचे कार्यक्रम. नेरुळला हार्बर आहे, ठाण्याची ट्रान्स-हार्बर आहे, उरणची लाइन आहे, शेजारी जुईनगर आहे, म्हणजे गर्दी फुटायला वाव आहे, इंग्लंडमधल्या बऱ्याच मैदानांपेक्षा बरी परिस्थिती. अडचण रात्रीची. २ नोव्हेंबर २०२५ ला बायकांच्या क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाली आणि संपायला मध्यरात्र झाली, आणि तो रविवार होता. तिथे कोणी उद्या खुर्च्या वाढवायचं म्हणालं तर मी आधी विचारेन की शेवटच्या लोकलची वेळ सामन्याच्या दिवशी कोण बदलणार आणि ते लिहून कोण देणार.

आणि तुम्ही नवी मुंबईतच राहता असं लिहिलंय तर एक करा. पुढच्या मोठ्या सामन्याला शेवटची पंधरा मिनिटं सोडा, वाईट वाटेल पण सोडा, आणि स्टेशनवर जाऊन बघा की स्टेडियमकडून येणाऱ्या वाटेवरचा सगळ्यात अरुंद जिना किंवा भुयारी मार्ग कोणता. मीटरपट्टीने त्याची रुंदी घ्या. मग एका कडेला उभे राहून दहा मिनिटं मोजा, मिनिटाला किती माणसं जातात, आणि पाचव्या मिनिटाला मागची रांग कुठपर्यंत गेलीय तेही बघून ठेवा. आकडे इथे टाका, पुढचं गणित मी करून देतो.